नोकरी सांभाळून एमबीए : किल्लारीहून पाहताना

किल्लारी ते लातूर हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे. औशामार्गे एसटीने जायचे तर तास-सव्वा तास सहज जातो. बँकेची शाखा असो, पतसंस्था असो की साखर कारखान्याचे शेतकी कार्यालय, दिवसाचा हिशेब जुळवून बाहेर पडणाऱ्या माणसाला संध्याकाळी साडेसहाच्या वर्गासाठी लातूर गाठणे जमत नाही. गाठले तरी रात्री परतीच्या गाडीची खात्री नसते. मुंबईत चर्चगेटजवळ संध्याकाळचा वर्ग सुटला की लोकल मिळते आणि विद्यार्थी जेवायला घरी पोचतो. अर्धवेळ एमबीए वाढले ते अशा शहरांच्या आधाराने. किल्लारीत बसून या शिक्षणाचा विचार करणाऱ्याला अभ्यासक्रमाच्या आधी रस्त्याचा प्रश्न पडतो.

तरीही या भागातली माणसे एमबीए करतात. नोकरी न सोडता, घर न हलवता, बहुतेक वेळा ‘बाहेरून’. त्यांच्यात बँकेतला लिपिक असतो, ज्याला अधिकारीपदाची परीक्षा खुणावत असते. पतसंस्थेचा व्यवस्थापक असतो. औषध कंपनीचा प्रतिनिधी असतो, आठवड्यातले पाच दिवस औसा, निलंगा, उमरगा असा फिरणारा. कृषी सेवा केंद्राचा मालक असतो, कारखान्याचा चिटबॉय असतो, उमेद अभियानाच्या प्रभाग संघाचे हिशेब पाहणारी बाई असते, आणि अलीकडे शेतकरी उत्पादक कंपनीचा तिशीतला व्यवस्थापकही असतो. यांतल्या बहुतेकांना नोकरी लागून सात-आठ वर्षे झालेली असतात. काम हाताला बसलेले असते, पण ते काम कुठल्या नियमाने चालते हे समजून घ्यायचे राहून गेलेले असते.

हे लेखन त्या वाचकासाठी आहे. नोकरदारांसाठीच्या एमबीएची ओळख करून देताना त्यात एक भूमिका धरली आहे आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी : हातातले काम पुस्तकासमोर ठेवता येणे हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा लाभ आहे. जो अभ्यासक्रम, जी संस्था आणि जो विद्यार्थी हा लाभ घेत नाही, त्याच्या पदवीत फार थोडे उरते. किल्लारी परिसरापुरते तर हे अधिकच खरे आहे, कारण इथल्या लोकांनी व्यवस्थापन कामातूनच शिकून दाखवले आहे.

थोडा इतिहास. एमबीए ही पदवी अमेरिकेतली. हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली हा अभ्यासक्रम सुरू केला, तो पूर्णवेळ तरुणांसाठी. नोकरीतल्या अनुभवी माणसांसाठी स्वतंत्र एमबीए प्रथम शिकागो विद्यापीठाने १९४३ साली काढले. दुसरे महायुद्ध चालू होते, कारखान्यांवर ताण होता, व्यवस्थापकांना दोन वर्षे कामावरून सोडणे शक्य नव्हते. म्हणजे या शिक्षणाचा जन्मच ‘काम थांबवता येत नाही’ या अडचणीतून झाला. भारतात व्यवस्थापनाच्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी एक १९५३ साली कोलकात्यात उभी राहिली. तिच्या नावात समाजकल्याण आणि व्यवसाय व्यवस्थापन हे दोन्ही शब्द आहेत, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद इथे आयआयएम आल्या. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५ ची, स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झालेली. तिथल्या संध्याकाळच्या तीन वर्षांच्या पदव्युत्तर वर्गांतून विपणन, वित्त आणि मनुष्यबळ हे विषय शिकलेली नोकरदार माणसे मुंबईच्या कंपन्यांत वरच्या जागांवर गेली. पुण्यातही असे वर्ग निघाले.

मराठवाड्यात ते पुरेसे निघाले नाहीत. त्याचे कारण साधे आहे : संध्याकाळचा वर्ग चालायला पाच-सात किलोमीटरच्या परिघात शंभर-दीडशे नोकरदार पदवीधर हवेत, आणि त्यांना रजा किंवा बढती देणाऱ्या मोठ्या आस्थापना हव्यात. लातूरकडे डाळमिला होत्या, सोयाबीन आणि तुरीचा मोठा बाजार होता, शिक्षणाचे नाव होते. पण तशी औद्योगिक वस्ती नव्हती. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली, मुक्तिसंग्राम दिनी म्हणजे १७ सप्टेंबरला स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे झालेला हिंगोली, असे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. तोपर्यंत या भागातल्या महाविद्यालयांचे विद्यापीठ औरंगाबादेत होते.

‘लातूर पॅटर्न’चा इथे उल्लेख करायला हवा. दहावी-बारावीच्या निकालांनी आणि वैद्यकीय प्रवेशांनी लातूरचे नाव राज्यभर गेले. त्यासाठी शिक्षकांनी उपसलेले कष्ट मोठे आहेत. पण सोळा ते अठरा या वयावर इतकी ताकद लावणारा हा जिल्हा तिशी-पस्तिशीतल्या माणसाच्या शिक्षणाविषयी फारसा बोलत नाही. एकदा नोकरी लागली, लग्न झाले, की शिकणे संपले असे घरातही धरले जाते. ही समजूत नुकसान करणारी आहे, आणि तिचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून गावे झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी, मंगरूळ अशी गावे जमीनदोस्त झाली. माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे : मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचा प्रचंड भार. मृतांची संख्या हजारांत गेली. हा सगळा तपशील महाराष्ट्राला माहीत आहे. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत या परिसरात जे काम झाले, त्याकडे मात्र व्यवस्थापनाच्या अंगाने क्वचितच पाहिले गेले आहे.

जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य शासनाने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पार कोसळलेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. त्याहून मोठे, पण कमी बोलले गेलेले काम दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली हजाराहून अधिक गावे आणि सुमारे दोन लाख घरे त्यात होती. इथे ठेकेदार येऊन घर बांधून देणार नव्हता. पैसा हप्त्याने घरमालकाकडे यायचा. साहित्य आणायचे, गवंडी शोधायचा, अभियंत्याला काम दाखवायचे आणि पुढचा हप्ता मिळवायचा, हे सगळे घरच्यांनी करायचे होते. लाखो लोकांना एकाच वेळी नवे तंत्र समजावून सांगणे सरकारी यंत्रणेला एकटीने शक्य नव्हते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाची जबाबदारी मिळाली आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या.

या बायकांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. भिंतीच्या दोन थरांना बांधून धरणारा आरपार दगड कुठे घालायचा, खिडकीच्या वरून काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवर सलग का फिरवायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, हे त्यांनी आधी स्वतः शिकून घेतले. मग शेजारणींना सांगितले. कुणाचा कोणता हप्ता अडला, कुणाच्या सिमेंटच्या गोण्या पावसात भिजतील, कोणता गवंडी एकाच वेळी किती कामे धरून बसला आहे, याची माहिती त्यांच्याकडे असायची आणि ती घेऊन त्या तालुक्याच्या कचेरीत उभ्या राहायच्या. कामाचा क्रम लावणे, साहित्याची वेळ साधणे, दर्जा तपासणे, वेगवेगळ्या लोकांत माहिती फिरती ठेवणे : एमबीएच्या पुस्तकात या प्रत्येकाला एकेक प्रकरण आहे. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना हा अनुभव सांगायला गेल्या. पुढे त्यांच्यातूनच बचत गट आले, छोटे उद्योग आले आणि दुष्काळात अन्नधान्याची एक एकर शेती बाईच्या हाती देणारा प्रयोगही आला. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

हे सांगण्याचा हेतू पदवीची किंमत कमी करण्याचा अजिबात नाही. या बायकांना आपल्या कामाची शास्त्रशुद्ध मांडणी करता आली असती, त्याला श्रेयांक मिळाले असते, त्या आधारे पुढची नोकरी मागता आली असती, तर या परिसराचे चित्र वेगळे दिसले असते. अनुभव होता, त्याला प्रमाणपत्र नव्हते. आज उलटी भीती आहे. प्रमाणपत्र सहज मिळते आणि अनुभव त्याच्या बाहेर राहतो. नोकरदारांसाठीच्या चांगल्या एमबीएने ही दोन टोके जोडावीत, अशी अपेक्षा ठेवणे योग्य आहे.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात असा एक प्रयत्न झाला आहे. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू केली. संस्थापक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. तेव्हा त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी ठेवून पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. पुढे माणदेशी फाउंडेशनने ग्रामीण बायकांसाठी उद्योगशाळा काढली, ती बसमधून गावात नेली, आणि आधीच धंदा करणाऱ्या बायकांसाठी ‘देशी एमबीए’ नावाचा कार्यक्रम चालवला. ही विद्यापीठाची पदवी नव्हे. तरी नोकरी-धंदा चालू ठेवून व्यवस्थापन कसे शिकवावे याचा त्यात मोठा धडा आहे : शिकणारीचा स्वतःचा धंदा हीच तिची पाठ्यवस्तू.

पदवी घराघरांत आणण्याचे श्रेय महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे. १९८९ साली नाशिकला ते स्थापन झाले आणि डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. दहावी-बारावी राहून गेलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाचा मार्ग याच विद्यापीठाने खुला केला. मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके, तालुक्यातल्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र, रविवारी संपर्क सत्र, ही रचना शेतमजुरापासून पोलीस शिपायापर्यंत अनेकांच्या कामी आली. लातूरसह चार जिल्ह्यांसाठी त्याचे विभागीय केंद्र नांदेडला आहे. त्याच्या चार वर्षे आधी, १९८५ साली, दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू आले. १९८७ मध्ये त्याने जे पहिले अभ्यासक्रम सुरू केले, त्यांत व्यवस्थापनाची पदविका होती. मुक्त शिक्षणाची देशपातळीवर सुरुवात करताना आधी नोकरदाराचा विचार झाला, ही गोष्ट आजही दिलासा देणारी आहे.

आता दूरशिक्षणाच्या जोडीला ऑनलाइन एमबीए आले. दोन्हींतला फरक समजून घ्यावा. दूरशिक्षणात छापील किंवा डिजिटल पुस्तके, अभ्यासकेंद्र, स्वाध्याय आणि केंद्रावर जाऊन परीक्षा. ऑनलाइनमध्ये व्याख्याने, चर्चा, स्वाध्याय सगळे इंटरनेटवर. पदव्युत्तर पदवीला दोन्हीकडे किमान दोन वर्षे लागतात आणि नोकरदारांना बहुधा त्याहून जास्त लागतात. इग्नूने चार वर्षांपर्यंत मुभा दिली आहे ती याचसाठी. विषय साधारण सगळीकडे तेच : लेखा, वित्त, विपणन, मनुष्यबळ, उत्पादन आणि कामकाज, संख्याशास्त्र, व्यवसायाचे कायदे, आणि शेवटी प्रोजेक्ट.

या विषयांचा किल्लारीच्या बाजारपेठेशी संबंध काय, असे विचारणाऱ्यासाठी सोयाबीनचे उदाहरण पुरेसे आहे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांना २००२ च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने मान्यता दिली. २०२० मध्ये केंद्राने देशभरात अशा १०,००० संस्था उभ्या करण्याची योजना आणली. लातूर-धाराशिवकडे अशा कंपन्यांचा मुख्य माल सोयाबीन. काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे नेमकी परतीच्या पावसाच्या तोंडावर. खरेदीचा नियम १२ टक्के ओलाव्याचा. आता समजा, व्यवस्थापकाने १५ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल माल सगळा वजनाप्रमाणे घेतला आणि गोदामात तो १२ टक्क्यांपर्यंत वाळला. पुष्कळजण म्हणतील, तीन टक्के म्हणजे तीन क्विंटल घट. तसे होत नाही. १०० क्विंटलात कोरडा माल ८५ क्विंटल. तो आता एकूण वजनाच्या ८८ टक्के झाला पाहिजे. ८५ ला ०.८८ ने भागले की ९६.५९ येतात. घट ३.४१ क्विंटलची. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या दराने हे सुमारे १६,७०० रुपये झाले, आणि यात हमाली, तोलाई, बारदाना अजून धरलेला नाही. त्याच हंगामात बाजारातले दर हमीभावाच्या खाली होते आणि ओल्या मालामुळे शेतकरी खरेदी केंद्रांवरून परत जात होते. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली.

दुसरा हिशेब पैशांच्या वेळेचा. समजा, तीच कंपनी रोज ५० क्विंटल घेते आणि शेतकऱ्याला लगेच पैसे देते. याच दराने रोजचे २ लाख ४४ हजार ६०० रुपये. पुढचा खरेदीदार पंधरा दिवसांनी पैसे देत असेल, तर पहिली रक्कम हाती येईपर्यंत कंपनीचे ३६ लाख ६९ हजार रुपये अडकलेले असतात. क्विंटलमागे नफा आहे, कागदावर सगळे ठीक आहे, तरी सोळाव्या दिवशी कंपनीचा चेक परत जाऊ शकतो. खेळते भांडवल नावाचे प्रकरण ज्याने पुण्यातल्या वर्गात वाचले, त्याला परीक्षेपुरते ते समजते. ज्याच्या दारात शेतकरी पैसे मागायला उभा आहे, तो ते एका रात्रीत समजून घेतो. नंतर बँकेकडे कॅश क्रेडिट मागताना कोणता कागद पुढे करायचा हेही त्याला कळते. किल्लारीचा सहकारी साखर कारखाना अनेक वर्षे बंद राहून पुन्हा सुरू झाला. एखादी संस्था बंद असते तेव्हा ऊस लांबच्या कारखान्याला घालावा लागतो, वाहतूक वाढते, पैसे उशिरा येतात. हे सोसलेल्या परिसराला व्यवस्थापन हा विषय शहरी आणि परका वाटण्याचे कारण नाही.

म्हणूनच प्रोजेक्टचा प्रश्न गंभीर आहे. शहरांत तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, नाव बदलून बांधून दिले जातात, हे कुणापासून लपलेले नाही. पुण्यातल्या मोटार कंपनीच्या कर्मचारी समाधानावरचा अहवाल औसा तालुक्यातल्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकाच्या नावाने जमा होतो, तेव्हा त्याची दोन वर्षांची फी आणि रविवार वाया जातात. त्याच्या कपाटात थकीत कर्जांच्या पाच वर्षांच्या नोंदी असतात. कोणत्या कामासाठी दिलेले कर्ज जास्त थकते, हप्ता महिन्याचा ठेवल्याने थकते की सुगीचा, जामीनदार बदलल्याने काय होते, हे त्या नोंदींतून निघते. असा एक प्रोजेक्ट त्या पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या उपयोगी पडेल.

फसवणुकीपासून सावध राहण्यासाठी काही नियम माहीत हवेत. दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम लागू आहेत. आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या (डीईबी) यादीत त्या वर्षासाठी त्या विद्यापीठाचा तो अभ्यासक्रम असेल तरच प्रवेश घ्यावा. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही, त्या सत्राला त्या अभ्यासक्रमाची मान्यता लागते. फ्रँचायझी देऊन शिकवण्यावर बंदी आहे. दूरशिक्षणात राज्य विद्यापीठांना आणि खासगी विद्यापीठांना स्वतःच्या राज्याबाहेर केंद्र चालवता येत नाही. परराज्यातल्या विद्यापीठाचा फलक लावून लातुरात कुणी दूरशिक्षणाचे प्रवेश देत असेल, तर तिथून बाहेर पडावे. ऑनलाइनला मात्र हद्दीची अट नाही. २०२४ पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याला डीईबी आयडी काढावा लागतो. तो स्वतः काढावा, एजंटकडून नव्हे. ‘दहा दिवसांत एमबीए’ अशा जाहिराती निघाल्या तेव्हा २०२४ मध्ये आयोगाला सार्वजनिक इशारा द्यावा लागला होता, यावरून बाजार कुठवर गेला आहे ते कळते.

नियमांप्रमाणे मिळवलेली दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. कायद्याने ती बरोबरीची आहे. खासगी कंपनी मुलाखतीत काय पाहते हा वेगळा भाग. मोठ्या शहरातली कंपनी संस्थेचे नाव पाहते, आणि बाहेरून केलेल्या एमबीएच्या जोरावर चोविसाव्या वर्षी गलेलठ्ठ पगार मिळेल असे सांगणारा समुपदेशक खोटे बोलत असतो. जो आधीच नोकरीत आहे, त्याला ही पदवी बढतीच्या पात्रतेसाठी, खाते बदलण्यासाठी किंवा स्वतःची संस्था नीट चालवण्यासाठी उपयोगी पडते. बँकेतल्या माणसाने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा आधी कराव्यात की एमबीए, याचाही थंड डोक्याने विचार करावा. कित्येकांना आधीची वाटच जास्त लाभाची असते.

भाषेचा अडसर खरा आहे. मराठी माध्यमातून बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्या माणसाला इंग्रजीतले वित्ताचे पुस्तक पहिल्या महिन्यातच नकोसे होते. अनेकजण दुसऱ्या सत्राला गळतात ते याच ठिकाणी. त्यावर एक उपाय फुकट उपलब्ध आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावर व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांचे समन्वयन आयआयएम बंगळूर करते. तिथला लेखा किंवा विपणनाचा एखादा अभ्यासक्रम प्रवेशाच्या आधी पूर्ण करून पाहावा. आठ-दहा आठवडे, आठवड्याला चार-पाच तास निघतात का, इंग्रजी झेपते का, हे फी भरण्याच्या आधीच कळते.

बायकांसाठी हिशेब आणखी कठीण. संपर्क सत्र रविवारी असते आणि गावात रविवार हा पाहुण्यांचा, आठवड्याच्या राहिलेल्या कामांचा दिवस. ऑनलाइन व्याख्यान रात्री साडेआठला, म्हणजे भाकरी टाकायच्या वेळेला. घरात एकच स्मार्टफोन असेल तर त्यावर आधी मुलांचा हक्क. भूकंपानंतरच्या कामात ज्या बायकांनी इतके निभावून नेले, त्यांच्या मुली आणि सुना आज उमेदच्या प्रभाग संघांत, बँक सखी म्हणून, आशा कार्यकर्ती म्हणून काम करत आहेत. त्यांच्यासाठी एमबीएची वाट मोकळी व्हायची असेल तर घरातल्या पुरुषांनी रविवारची भाकरी थापायला शिकले पाहिजे, आणि विद्यापीठांनी त्यांच्या आजवरच्या कामाला श्रेयांक द्यायला शिकले पाहिजे.

पुढे येणाऱ्या प्रकरणांत विषयवार माहिती येईल : कोणता अभ्यासक्रम कुणाला योग्य, खर्च कसा मांडावा, स्वाध्याय कसे लिहावेत, प्रोजेक्टचा विषय कसा निवडावा. त्याआधी दोन विनंत्या आहेत. पहिली विद्यापीठांना : औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या पट्ट्यात महिन्यातून एका रविवारी तरी व्यवस्थापनाचे संपर्क सत्र भरवा, आणि शिकवायला प्राध्यापकांबरोबर इथल्या डाळमिलचा, बँकेचा, उत्पादक कंपनीचा अनुभवी माणूस बसवा. दुसरी इथल्या पतसंस्था, बाजार समित्या, साखर कारखाने आणि शेतकरी कंपन्यांना : तुमच्याकडे नोकरी करत जो कुणी एमबीए करतो आहे, त्याला परीक्षेच्या आठवड्यात रजा द्या आणि प्रोजेक्टसाठी तुमच्या वह्या उघडून द्या. त्याचा अहवाल तयार झाला की संचालक मंडळाच्या बैठकीत तो वाचायला लावा.